तांदळाची धाव

चांदणआळी, विरार (पश्चिम)
२८ सप्टेंबर २०२५

प्रिय प्रिस्कामावशी,

तुमच्या मठात फोन नाही, ही मला पूर्वी अडचण वाटायची. आता बरं वाटतं. फोनवर मी अर्धं विसरतो आणि उरलेलं घाबरून सांगत नाही. पत्र मी आधी कच्चं लिहितो, मग पक्कं, आणि पाकीट चिकटवायच्या आधी पुन्हा वाचतो. त्यामुळे यात जे आहे ते विचार करून लिहिलेलं आहे असं समज.

मी पुन्हा धावायला लागलोय.

दोन वर्षांपूर्वी बोळिंजच्या रस्त्यावर पाण्याच्या टँकरनं मला उडवलं, मांडीत सळई घातली, हाडात पू झाला, डॉक्टर पाय काढायची भाषा करत होते, हे सगळं आईनं तुला कळवलंच होतं. या जूनमध्ये डॉक्टरांनी नवा एक्स-रे बघितला आणि म्हणाले, हाड भरलंय, सावकाश पळालास तरी चालेल. मी पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

तांदळाची धाव तू इथे असताना नव्हती, म्हणून थोडक्यात सांगतो. भात घरात आलं की डिसेंबरातल्या एका रविवारी प्रत्येक आळीचा एक माणूस वसईच्या किल्ल्यापासून अर्नाळ्याच्या किनाऱ्यापर्यंत धावतो. आळीतल्या घरांनी आधी शब्द दिलेला असतो, की आमचा माणूस जितके किलोमीटर जाईल तितके किलो तांदूळ देऊ. तो तांदूळ सायंतारा वृद्धाश्रमात जातो आणि तिथली म्हातारी माणसं वर्षभर तोच जेवतात. पप्पा म्हणतात, द्यायचाच तर सरळ द्या की, माणूस कशाला पळवता? पण तसं कोणी देत नाही. आपला माणूस घाम गाळताना दिसला की मगच पोत्याचं तोंड सुटतं. दोन वर्षं आपल्या आळीतून कोणी धावलं नाही, तर आळीनं मूठभरसुद्धा दिला नाही. सायंताराच्या सिस्टर मला फ्लेक्सच्या दुकानात भेटल्या (मी अजून तिथेच कामाला आहे, वाढदिवसाच्या बॅनरवरची नावं टाइप करतो). त्या म्हणाल्या, यंदा पावसाळ्यात रात्री पेजेवर भागवलं. त्या हसून म्हणाल्या, पण मला ते जेवताना आठवतं.

सगळ्या घरांनी शब्द दिलाय. मी स्वतः दारोदार गेलो. आई मात्र नको म्हणत नाही आणि हो म्हणत नाही. मी बूट घालायला बसलो की ती परसात निघून जाते.

अजून एक गोष्ट खटकते. पहाटे मी निघतो, इमारती मागे पडतात आणि वाड्या लागतात, तेव्हा मागून एका स्कूटरचा उजेड येतो. मी हळू झालो की तोही हळू होतो. मी थांबलो की दिवा विझतो. एकदा झालं असतं तर लिहिलं नसतं. टँकर लागल्यापासून मागून येणारा कुठलाही उजेड मला पाठीत टोचतो.

माझ्यासाठी प्रार्थना कर.

तुझा,
केनी


कार्मेल मठ
१२ ऑक्टोबर २०२५

प्रिय केनी बाळा,

तुझं अक्षर बघून मदर म्हणाल्या, हे पत्र की छापील पुस्तक? मी म्हटलं, माझा भाचा अकरावीतून घरी बसला, पण ऱ्हस्वदीर्घ कधी चुकला नाही.

हाड भरलं हे वाचून मी चॅपेलमध्ये गेले आणि आभार मानले. धावण्याचं वाचून मात्र लगेच काही लिहावंसं वाटलं नाही, म्हणून उत्तराला उशीर झाला. बाळा, सेवा पायांनीच करावी असं थोडंच आहे? सायंतारात जाऊन म्हाताऱ्यांना पेपर वाचून दाखव, तुझे उच्चार स्वच्छ आहेत. तुझं मन दुखवायचं नाही. पण एकदा गेलेला पाय परत मिळाला, तर तो जरा जपून वापरावा असं तुझ्या मावशीला वाटलं तर चूक आहे का?

आणि ज्या घरांनी शब्द दिला त्यांनी तो मागे घेतला, तर त्यांच्यावर रागावू नकोस. त्यांचीही काही कारणं असतील.

स्कूटरचं मनावर घेऊ नकोस. पहाटे फुलवाले जातात, दूधवाले जातात. जगात तू एकटाच लवकर उठत नाहीस.

आईला जप. ती बोलत नाही याचा अर्थ तिच्याकडे बोलायला काही नाही असा होत नाही.

तुझी मावशी,
सिस्टर प्रिस्का


चांदणआळी
२६ ऑक्टोबर २०२५

प्रिय प्रिस्कामावशी,

तुझं पत्र १७ तारखेला, शुक्रवारी मिळालं. त्याच रविवारी, मिस्सा संपल्यावर, पहिलं घर मागे फिरलं. आता पाच घरं फिरली आहेत. एकजण म्हणाला, अवेळी पावसानं भात आडवं झालं. दुसऱ्याच्या सुनेचं बाळंतपण आहे. तिसऱ्यानं वाडी बिल्डरला द्यायची ठरवली म्हणे, जणू त्यामुळे घरातला तांदूळ उडून जाणार आहे. प्रत्येकाचं कारण वेगळं, आणि बोलताना प्रत्येकाची नजर माझ्या पायावर.

आता मी तुला सरळ विचारतो. मी पत्रात लिहिलं होतं की सगळ्यांनी शब्द दिलाय. तो कोणी मागे घेईल असं मी कुठेही म्हटलं नव्हतं. कच्चा कागद माझ्याजवळ आहे, मी तो तपासला. मग लोक मागे फिरतील हे तुला भिंतीआड बसून त्यांच्या आधी कसं कळलं?

मी याचा खूप विचार केलाय. माझा संशय ॲलिस्टरवर आहे. खालच्या आळीतून तो धावतो. टँकरच्या आधी आम्ही दोघं एकत्र सराव करायचो आणि मी त्याच्या पुढे असायचो. आपल्या आळीतून कोणी उतरलं नाही तर इथली घरं आपला शब्द त्याच्यामागे लावू शकतात, तसा नियम आहे. मग सगळ्यात जास्त तांदूळ त्याच्या नावानं जाईल आणि फादर वेदीवरून त्याचं नाव घेतील. त्याच्याकडे स्कूटर आहे. आणि त्याची आजी आल्बिना तुझ्याबरोबर शाळेत होती, तुला नाताळला पत्र पाठवते. आता तिची नजर गेली आहे, ती पत्रं नातवाकडून लिहून घेते, हे मला माहीत आहे.

त्यानंच तुला लिहिलं ना, की केनीला आवर?

पायाचं म्हणशील तर पाय बरा आहे. थंडीत सळई ठणकते, ती ठणकणारच. परवा मी निर्मळच्या पुढे जाऊन आलो. उजेड होताच मागे.

तुझा,
केनी


कार्मेल मठ
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय केनी,

ॲलिस्टरचं एकही पत्र मला आलेलं नाही. आल्बिनाच्या नाताळच्या पत्रात तिच्या गुडघ्यांशिवाय काही नसतं.

मला कसं कळलं, हे विचारू नकोस. लोक आमच्याकडे प्रार्थना मागतात, तेव्हा मनातलंही सांगतात. ते आमच्याजवळ ठेवायला दिलेलं असतं, वाटायला नाही. माझ्या हातून एक वाक्य सांडलं. तू ते उचललंस. तुझी चूक नाही, माझी आहे.

एवढंच सांगते की जो कोणी तुला थांबवू बघतोय त्याला तुझं वाईट व्हायला नकोय. याच टपालानं मी आणखी एका ठिकाणी लिहिलं आहे. तिकडून काही हललं तर तुला आपोआप कळेल.

लक्षात ठेव, आगमनकाळ लागला की नाताळपर्यंत आम्ही पत्र लिहीत नाही आणि आलेली पत्रं मदर बाजूला ठेवतात. उपवासच तो, शब्दांचा. तेव्हा काही विचारायचं असेल तर लवकर विचार, आणि मी सांगू शकेन असंच विचार.

मावशी


चांदणआळी
२५ नोव्हेंबर २०२५

प्रिय मावशी,

हे पत्र स्पीड पोस्टनं पाठवतोय, म्हणजे आगमनकाळाच्या आधी पोचेल.

उजेड कोणाचा ते मी शोधलं. शनिवारी पहाटे वळणावर केळीच्या आड उभा राहिलो. स्कूटर आली, मी दिसेना म्हणून थांबली, दिवा विझला. मी पुढे झालो. मफलर गुंडाळलेला ॲलिस्टर होता. मी विचारलं, काय हवंय तुला? म्हणाला, काही नाही.

“मग मागे का येतोस?”

“रस्ता तुझ्या पप्पांचा आहे का? तू पळ. मी माझ्या पेट्रोलवर चाललोय.”

मी त्याचा हँडल धरून ठेवला होता. त्यानं माझी बोटं एकेक करून सोडवली, रागावून नाही, लहान मुलाची सोडवतात तशी. याचाच मला जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी मिस्सानंतर चर्चच्या आवारात सगळे उभे असताना मी त्याला बोललो. म्हटलं, आमच्या आळीचा तांदूळ तुला तुझ्या नावावर हवाय म्हणून तू घरं फोडलीस, आणि आता मी कधी पडतो ते बघायला रोज माझ्या मागे येतोस. मला वाटलं तो मारेल. त्यानं माझ्या खांद्यावरून पलीकडे बघितलं, जणू कोणाची तरी परवानगी मागतोय. मग मान खाली घालून निघून गेला. मी वळून बघितलं तर मागे फक्त आई आणि आळीतल्या दोन-तीन बायका होत्या. ज्याच्याकडे उत्तर नसतं तो असाच जातो, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

पण तू म्हणतेस त्यानं लिहिलं नाही. तू खोटं बोलणार नाहीस. मग कोण? तुला नाव सांगता येत नसेल तर नको सांगू. एवढंच लिही, की मी ॲलिस्टरवर चुकीचा आळ घेतला का? हो किंवा नाही. एका शब्दाचं पोस्टकार्ड चालेल.

धाव १४ डिसेंबरला आहे.

तुझा,
केनी


चांदणआळी
९ डिसेंबर २०२५

मावशी,

पोस्टाच्या साइटवर दिसतं की माझं पत्र शनिवारी, २९ नोव्हेंबरला मठात पोचलं. आगमनकाळ रविवारी लागला. म्हणजे तुझ्याकडे एक संध्याकाळ होती. एका शब्दाला एक संध्याकाळ पुरते. पहिले काही दिवस मी टपालाला दोष दिला, मग मदरना, आणि मग माझ्या लक्षात आलं की गप्प राहायला तुला हा नियम फार सोयीचा पडला. तू सगळं ओळखून होतीस. मी चर्चच्या आवारात एका माणसाचं तोंड काळं केलं आणि तुला ते थांबवता आलं असतं.

उत्तर येणार नाही हे माहीत असूनही लिहितोय, कारण ज्याच्याशी बोलावं असं इथे कोणी उरलं नाही.

मला आल्बिना आजीनं सांगितलं. तिनं मला बोलावून घेतलं आणि बस म्हणाली नाही. “आधी पानी पी,” म्हणाली, “मग तुझं तोंड बघते,” आणि तिला तर दिसतही नाही. मी पाणी प्यायलो.

“माझ्या नातवाला तू चार लोकांत चोर केलास. तो गप्प बसला, कारन त्यानं तुझ्या आईला शब्द दिला होता. मी कोनाला शब्द दिलेला नाही.”

आई. मावशी, ती माझी आई होती. ऑक्टोबरात ती घरोघर गेली आणि प्रत्येक दारात पदर पसरला, की तांदूळ देऊ नका, म्हणजे तो धावणार नाही. आणि त्याच्याही आधी, मी पहाटे निघायला लागलो तेव्हा तिनंच ॲलिस्टरला विनवलं होतं, की मागून जा, पडला तर उचल, आणि त्याला कळू देऊ नको.

मी घरी आलो तेव्हा ती कागड्याच्या कळ्या ओवत होती. मी विचारलं. तिचे हात थांबले नाहीत.

“तो पाय तुझा नाही,” ती म्हणाली. “मी तो दिला. तू भूल घेऊन पडला होतास, तुला कोण विचारणार होतं?”

मग हळूहळू सगळं सांगितलं. पाय काढायच्या कागदावर सही करा म्हणाले, तेव्हा तिनं एक दिवस मागून घेतला आणि वांद्र्याला माउंट मेरीच्या मोतमावलीला गेली. जत्रेचे दिवस होते. बाहेरच्या दुकानातून मेणाचा पाय घेतला, तिच्यापुढे ठेवला आणि नवस बोलली, की माझ्या मुलाचा पाय राहू दे, तो त्या पायानं पुन्हा कधी धावणार नाही, याची हमी माझी. दुसऱ्या दिवशी माझा ताप उतरला. “आता तू धावलास तर मी खोटी पडते,” म्हणाली. “आणि ती विसरत नाही.” तू तिला लिहिलेलं पत्र तिनं कपाटातल्या साडीखाली ठेवलंय. नवस जो बोलतो त्यालाच बांधतो असं तू लिहिलंस म्हणे. त्यावर तिचं म्हणणं, प्रिस्काला भिंतीआड बसून सांगायला काय जातं, तिच्या पोटचं कोणी टँकरखाली आलं नाही. हे लिहू की नको असा विचार केला. लिहिलं.

मी तिला फादरांकडे नेलं. फादरही तेच म्हणाले, की दुसऱ्याच्या पायावर नवस बोलता येत नाही, आणि त्याऐवजी रोज रोझरी किंवा उपवास असं काही बदलून देतो. आई खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होती. मग म्हणाली, “फादर, नवस मी तुमच्यापाशी नव्हते बोलले.” फादर चष्मा पुसायला लागले.

काल मी तिला म्हटलं, तू तोंडानं नको म्हण, मी थांबतो. सायंतारात जाऊन सांगतो की यंदाही चांदणआळीचा तांदूळ नाही. मी खरंच थांबलो असतो. तिनं नको म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही.

मी काय करू?

केनी


चांदणआळी
१५ डिसेंबर २०२५

मावशी,

मी धावलो. आधी हे लिहितो, म्हणजे नाताळला सगळी पत्रं एकदम उघडशील तेव्हा शेवट शोधावा लागणार नाही.

घरं परत आली होती. आल्बिना आजीनं काठी टेकत आळी पालथी घातली आणि प्रत्येक दारात आईचं नाव घेऊन एकच वाक्य बोलली, की शब्द तुम्ही रेजिनाला दिला होता की सायंताराला?

शनिवारी संध्याकाळी आईनं आपण होऊन विचारलं, किल्ल्यापासून कितीला निघणार? मी सांगितलं. मग विचारलं, पोचायला किती वेळ लागेल? सगळ्यात जास्त किती? मी म्हटलं, का? म्हणाली, सहज. आई काहीही सहज विचारत नाही. मला रात्रभर वाटत राहिलं की ती वाटेत कुठे तरी आडवी येणार. पहाटे उठलो तर ती घरात नव्हती. पप्पा म्हणाले, कुठे गेली ठाऊक नाही, मला चहाही ठेवून गेली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर आहे.

त्यामुळे मी धावलो कमी आणि बघत गेलो जास्त. प्रत्येक वळणावर, प्रत्येक क्रूसापाशी वाटायचं, इथे उभी असेल. आपल्या आळीच्या तोंडाशी सगळे होते, मी टाइप केलेला बॅनर धरून पप्पाही होते. ती नव्हती. तिथून पुढे मांडी बोलायला लागली. पडायची भीती नव्हती, वेगळीच भीती होती. तिनं हमी दिली होती आणि मी ती प्रत्येक पावलाला मोडत होतो. एखादा टँकर समोरून आला की मी रस्ता सोडून गटाराच्या कडेला उभा राहत होतो.

आगाशीला ॲलिस्टर एका दुकानाच्या पायरीवर बसला होता. तो केव्हाच पुढे गेलेला असायला हवा होता.

“आलास? मला वाटलं, नवीन आरोप पक्का करून लिहायला थांबलास.”

मी माफी मागायला लागलो. तो उठला आणि म्हणाला, “माफी अर्नाळ्याला माग. इथे दम वाया जाईल.” मग माझ्या बरोबरीनं, माझ्या वेगानं आला. थोडं मी चाललो, तेव्हा तोही चालला. आम्ही दोघं शेवटचे पोचलो. फादरांनी वाट बघून निम्मा नाश्ता संपवला होता. चांदणआळीच्या पोत्यांनी भरलेला टेम्पो दुपारीच सायंताराला गेला. तो निघायच्या आधी मी अर्नाळ्यालाच माफी मागितली, पोत्यांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. ॲलिस्टर म्हणाला, अजून मोठ्यानं, आजीला ऐकू गेलं नाही.

आई अर्नाळ्यालाही नव्हती. दुपारी उशिरा घरी आली. दारचौकट धरून आत आली आणि पहिल्यांदा माझ्या पायाकडे बघितलं, मग तोंडाकडे. कुठे होतीस, विचारलं तर म्हणाली, एव्हरशाईनला, तुझ्या आत्याकडे. जेवली नाही. झोपली.

मला वाटतं, तिला मला बघवणार नव्हतं म्हणून ती निघून गेली. मी धावून यावं आणि तिनं तोंड फिरवावं, हे मला पायापेक्षा जास्त दुखतंय.

केनी


कार्मेल मठ
२६ डिसेंबर २०२५

माझ्या केनी,

मदरनी काल दुपारी तुझी तिन्ही पत्रं एकदम हातात दिली. तू शेवट आधी सांगितलास, तरी मी तारखेच्या क्रमानंच वाचली. पहिल्या पत्रात तू मला विचारतोस, दुसऱ्यात मला दोषी ठरवतोस, तिसऱ्यात धावून परतलेला असतोस. हे सगळं घडत होतं तेव्हा मी काय करत होते? प्रार्थना, असं म्हणायची आम्हाला सवय आहे. खरं तर त्या शनिवारी संध्याकाळी मी मटार सोलत होते, आणि तुझं पत्र दोन भिंतींपलीकडे मदरच्या टेबलावर पडलं होतं. आमच्याकडे आगमनकाळ रविवारी नाही, शनिवारच्या सांजप्रार्थनेनं लागतो आणि टपाल त्यानंतर वाटलं जातं. त्या दिवशी वाटलं गेलं नाही. एवढंच.

पण तू रागावलास ते फुकट गेलं नाही. ऐकलेलं कोणाला सांगायचं नाही, हे माझ्या इतकं अंगात भिनलंय की गप्प राहिल्यानं कोणाचं नुकसान होतंय का, हे बघायचं राहूनच गेलं. ॲलिस्टरसाठी वेगळी चिठ्ठी ठेवली आहे. ती त्याला दे, वाचू नकोस.

तुझी आई माझ्याबद्दल जे म्हणाली ते तू लिहिलंस, बरं केलंस. ती खरं म्हणाली.

आता एक गोष्ट माझ्याही मनात बसत नाही. एव्हरशाईन सिटीतल्या त्या नणंदेशी रेजिना गेली चार वर्षं बोलत नाही, हे मला इथेही माहीत आहे. जिच्या घरचं पाणी ती पीत नाही तिच्याकडे ती धावेच्या दिवशी पहाटे कशाला जाईल? आणि निघायची, पोचायची वेळ कशाला विचारेल? तोंड फिरवणारी बाई वेळ विचारत नाही, बाळा.

तिला विचार. आरोप करू नकोस, खूप झाले. नुसतं विचार.

मावशी


चांदणआळी
९ जानेवारी २०२६

प्रिय प्रिस्कामावशी,

चिठ्ठी दिली. वाचली नाही. ॲलिस्टरनं ती दोनदा वाचली आणि खिशात ठेवून म्हणाला, तुझी मावशी तुझ्यापेक्षा बरं लिहिते.

आईला विचारायला मला आठवडा लागला. काल ती ओट्यावर बसून गुडघ्यांना तेल चोळत होती. तिचे गुडघे कधी दुखत नाहीत, ते आल्बिना आजीचं खातं. मी शेजारी बसलो. म्हटलं, आई, त्या दिवशी तू कुठे होतीस?

तिनं वाटीत पुन्हा बोटं बुडवली. मग म्हणाली, वांद्र्याला.

पहाटेच्या गाडीनं गेली होती. चर्च उघडलं तेव्हा पायरीवर तीच पहिली होती. मी किल्ल्यावरून निघणार त्या वेळेला ती मोतमावलीपुढे गुडघ्यांवर बसली आणि मी जास्तीत जास्त जेवढा वेळ सांगितला होता तो संपून वर अर्धा तास होईपर्यंत उठली नाही. मी विचारलं, नवस परत मागितलास का? म्हणाली, दिलेलं परत मागतात का? मग माफी मागितलीस? तर म्हणाली, माफी कसली, मी काही केलं नव्हतं, केलं होतंस तू.

“मग एवढा वेळ काय करत होतीस?”

“बोलत होते तिच्याशी,” आई म्हणाली. “तिचं लक्ष माझ्याकडे राहायला हवं होतं. रस्त्याकडे जायला नको होतं.”

मी तेलाची वाटी हातात घेतली आणि दुसरा गुडघा चोळायला लागलो. तिनं चोळू दिला. मिस्सा चालू असताना गप्प बसले, मग पुन्हा सुरू केलं, असं सांगत होती. झाडणारी बाई दोनदा उठवायला आली, तिला हातानंच थांबवलं. आधी माझं सगळं सांगून झालं. मग पप्पांच्या तक्रारी काढल्या, त्या मी निर्मळला पोचेपर्यंत पुरल्या असतील. मग तुझं सांगितलं, भांडणासकट. मग कागड्याचा भाव, वाडीतली बोअर आटली ते, नणंदेनं लग्नात काय केलं ते पहिल्यापासून. शेवटी काहीच उरलं नाही तेव्हा आळीतल्या घरांची नावं एका टोकापासून सांगत गेली आणि प्रत्येक घरात कोण कसं आहे ते कळवलं.

मी विचारलं, ऐकलं का तिनं?

आईनं माझ्या पायाकडे बघितलं. ओट्यावर पसरलेला होता, सळईसकट.

“ऐकलं असेल,” म्हणाली. मग वाटी माझ्या हातातून काढून घेतली आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतला. “पुढच्या डिसेंबरात परत पळणार असशील तर आत्ताच सांग. मला विषय जमवावे लागतील.”

मी सांगितलंय.

तुझा,
केनी